मान खाली घालून चालणाऱ्यांच्या वाटेवर सायकल चालवणाऱ्यांचे निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा जिल्हादंडाधिकारी,
परभणी.

विषय : सार्वजनिक वाटा, रस्त्यांच्या कडा, उद्याने व मैदानांभोवतीचे रस्ते येथे चालता-चालता मोबाईल गेम खेळणाऱ्यांमुळे सायकलस्वारांना होणारा धोका दूर करण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे, परभणी शहरात आणि आसपासच्या गावांतून रोज सायकल चालवणारे नागरिक आहोत. आमच्यात पहाटे पेपर टाकणारी मुले आहेत, कॅरिअरला दुधाचे कॅन अडकवून शहरात येणारे आहेत, कामावर जाणारे गवंडी आणि बिगारी आहेत, मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलीवर शाळेत येणाऱ्या मुली आहेत. डॉक्टरांनी सांगितले म्हणून म्हातारपणी पुन्हा पायडल मारू लागलेले निवृत्त लोक आहेत. हेल्मेट घालून रविवारी लांबवर जाणारे हौशीही आहेत, पण थोडे. फोटो त्यांचेच छापून येतात, त्यामुळे सायकल हा हौशी लोकांचा विषय आहे असा समज झाला आहे. या निवेदनाखालच्या बहुतेक सह्या मात्र ज्यांच्या दारात दुसरे वाहनच नाही अशांच्या आहेत.

आमचे गाऱ्हाणे असे. परभणीचा उन्हाळा आपण जाणताच. एप्रिल-मेमध्ये दिवेलागणीनंतरच माणूस घराबाहेर पडतो आणि मग सगळे शहर एकदमच बाहेर येते. स्टेडियमभोवती, उद्यानांत, वसमत रस्ता, जिंतूर रस्ता आणि गंगाखेड रस्त्याच्या कडेने, कृषी विद्यापीठाच्या परिसरातल्या रस्त्यांवर फिरणारे, धावणारे आणि सायकलवाले एकाच वाटेवर येतात. एवढ्याने काही बिघडत नाही. एकमेकांना चुकवत, 'जरा सरका मामा' म्हणत सगळ्यांचे निभते. त्यात दोन्ही हातांनी फोन आडवा धरून, कानात इअरफोन घालून चालणारा माणूस आला की हा समजूतदारपणा कोलमडतो. फोन उभा धरलेला माणूस बोलत असतो किंवा वाचत असतो, तो अधूनमधून मान वर करतो. फोन आडवा धरलेला माणूस मान वर करत नाही. सायकलवाले आता लांबूनच फोन उभा की आडवा ते पाहतात आणि त्यावरून ब्रेकवर बोटे ठेवायची की नाही ते ठरवतात.

असे का होते, ते खेळणाऱ्या मुलांनाच विचारावे. आम्ही विचारले. बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया, फ्री फायर मॅक्स यांसारख्या खेळांतला सामना सुरू झाला की तो मध्येच थांबवता येत नाही. बॅटलग्राउंड्समध्ये एका सामन्यात शंभरापर्यंत खेळाडू उतरतात आणि मोठ्या नकाशावरचा सामना अर्धा तास चालू शकतो. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये गाडी आली की 'थांब, गाडी जाऊ दे' म्हणून बॉलिंग थांबते. इथे जो थांबला तो खेळात मेला, आणि चौघांच्या स्क्वॉडमधले उरलेले तिघे त्याला शिव्या घालणार. म्हणून घरून हाक आली, क्लासची वेळ झाली, तरी मुलगा फोन खिशात घालत नाही. खेळत-खेळतच चालू लागतो. शिवाय या खेळात शत्रूच्या पावलांचा आवाज कोणत्या बाजूने येतो यावर हारजीत ठरते, त्यामुळे इअरफोन हवाच. ज्याचा कान अशा पावलांकडे लागला आहे त्याला सायकलची घंटी काय ऐकू येणार? लुडो खेळणाऱ्यांबद्दल आमची काडीचीही तक्रार नाही, हे इथेच नोंदवतो. ते चौघे एका फोनभोवती कट्ट्यावर बसतात, भांडतात, पण बसून.

आता सायकलीचा हिशेब पाहावा. साधी सायकल ताशी 15 किलोमीटरने चालली तरी सेकंदाला चार मीटरहून जास्त अंतर कापते. घंटी ऐकून मान वर करणे, सायकल पाहणे आणि कोणत्या बाजूला सरकायचे ते ठरवणे याला दोन सेकंद धरले, तर तोवर सायकल आठ मीटर पुढे आलेली असते. कॅरिअरला दुधाचे ओझे असेल किंवा पावसाने रिम ओली असेल, तर ब्रेक दाबूनही ती लगेच उभी राहत नाही. त्यात दचकलेला माणूस कोणत्या बाजूला उडी मारेल याचा नेम नसतो. आपण डावीकडून काढावी म्हटले तर तोही डावीकडेच येतो.

तरीही धडकेपेक्षा आम्हाला धडक चुकवणे महाग पडते. चालणाऱ्याला सायकलची धडक बसली तर खरचटते, क्वचित हाड मोडते. पण तो कडेला चालतो आहे आणि त्याला वाचवायला सायकलवाल्याने हँडल उजवीकडे वळवले, तर मागून येणारा टेम्पो, उसाचा ट्रॅक्टर किंवा एसटी त्याची वाट पाहत नाही. हँडल डावीकडे वळवावे तर पावसाळ्यात तिथे काळी माती. आपल्याकडच्या काळ्या मातीचा चिखल मडगार्डात भरला की चाक फिरेनासे होते, हे खेड्यातून सायकलवर येणाऱ्या कोणालाही विचारावे. डांबराची एक-दीड हात कड हाच आमचा सगळा रस्ता आहे. त्या कडेवर मान खाली घालून चालणारा माणूस आला की आमच्यापुढे चिखल किंवा टेम्पो यांतले एक निवडणे उरते.

कायद्याच्या नजरेने पाहिले तर या प्रसंगात उघडा पडतो तो सायकलवालाच. मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनंतर कलम 184 नुसार हातात फोन धरून मोटार किंवा मोटारसायकल चालवणे हे धोकादायक वाहन चालवणे ठरते. भारतीय न्याय संहितेचे कलम 281 सार्वजनिक मार्गावर बेदरकारपणे वाहन हाकणाऱ्याला किंवा सवारी करणाऱ्याला लागू होते, म्हणजे सायकलस्वारालाही. चालता-चालता गेम खेळणाऱ्याविषयी मात्र थेट नियम कुठे नाही. त्याने वाट अडवली तर कलम 285 दाखवता येईल, पण कोणता हवालदार त्यासाठी कागद काळे करील, आणि का करावेत? शिवाय सायकल आणि पादचारी यांच्यात झालेली धडक बहुधा पोलीस ठाण्यापर्यंत जातच नाही. 'जाऊ द्या, लेकरू आहे' म्हणून दोघेही कपडे झटकून निघून जातात. नोंद होत नाही, म्हणून आकडा तयार होत नाही, आणि आकडा नाही म्हणून प्रश्न नाही.

प्रश्न नाही म्हणणाऱ्यांना शेजारच्या हिंगोलीची आठवण करून द्यावी लागते. 1 मे 1999 पर्यंत हिंगोली आपल्याच जिल्ह्यात होती. मार्च 2019 मध्ये तिथे खटकाळी बायपासजवळ रेल्वे रुळांवर पबजी हा मोबाईल गेम खेळत असलेले दोन तरुण रेल्वेखाली सापडून मरण पावले. दोघेही ऐन विशीतले. ज्या पूर्णा–अकोला मार्गावर हे घडले, तो आपल्याच जिल्ह्यातल्या पूर्णा जंक्शनवरून सुटतो. आगगाडीचा आवाज ज्यांच्या कानापर्यंत पोचला नाही, त्यांच्या जागी उद्या कोणीही असू शकतो. आणि जिथे आगगाडी ऐकू आली नाही, तिथे सायकलच्या घंटीचा काय पाड?

त्याच मार्च महिन्यात गुजरातमधील राजकोट पोलिसांनी अधिसूचना काढून पबजी खेळण्यावरच बंदी घातली आणि काही तरुणांना अटकही केली. आम्हाला तसले काही नको आहे. कॉलेजातल्या पोरांना गेम खेळले म्हणून ठाण्यात बसवणे हा या दुखण्यावरचा इलाज नव्हे, आणि तो टिकतही नाही. केंद्र सरकारने 2 सप्टेंबर 2020 रोजी माहितीच्या सुरक्षेचे कारण देऊन पबजीसह 118 ॲप बंद केली. जुलै 2021 मध्ये तोच खेळ बॅटलग्राउंड्स या नव्या नावाने आला, जुलै 2022 मध्ये पुन्हा दिसेनासा झाला आणि मे 2023 मध्ये परत आला. एवढ्या उलथापालथीत कडेने चालणाऱ्यांची मान काही वर झाली नाही. या खेळावरून त्या खेळावर गेली, एवढेच. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांना मनाई केली, पण ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. तेव्हा ही मुले गुन्हेगार नाहीत. आमच्यापैकी कित्येकांची तर ती घरचीच मुले आहेत.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 33 खाली जिल्हा पातळीवर नियम करण्याचा अधिकार आहे. रस्ते आणि सार्वजनिक जागा यांचा वापर सवारी करणाऱ्यांनी, सायकल चालवणाऱ्यांनी आणि पायी चालणाऱ्यांनी कसा करावा, जेणेकरून धोका किंवा अडथळा होणार नाही, हे ठरवण्याची तरतूद त्यात स्पष्ट आहे. सत्तर वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्यांनी सायकल आणि पायी चालणारा यांचा एकत्र विचार केला होता. तेव्हा रस्त्यावर सायकली जास्त होत्या, म्हणूनही असेल. या अधिकाराचा मर्यादित वापर व्हावा, ही आमची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी आहे.

मर्यादित म्हणजे कसा, ते सांगतो. सबंध जिल्ह्याला लागू होणारा फतवा नको. उड्डाणपूल, रेल्वे फाटकाच्या दोन्ही बाजू, मोठे चौक ओलांडण्याच्या जागा, शाळा-कॉलेज सुटण्याच्या वेळी त्यांच्यासमोरचे रस्ते आणि उद्यानांतल्या अरुंद सामायिक वाटा एवढीच ठिकाणे निश्चित करावीत. तिथे चालता-चालता पडद्यावर खेळू नये, खेळायचे असेल तर वाटेच्या बाहेर थांबून खेळावे, इतकाच नियम असावा. मुंबई पोलिसांनी 2016 मध्ये सेल्फीसाठी धोकादायक ठरलेली ठिकाणे अशीच निवडून जाहीर केली होती. सेल्फीवर सरसकट बंदी आणली नव्हती. अमेरिकेतल्या होनोलुलू शहराने 2017 मध्ये रस्ता ओलांडताना फोनमध्ये पाहणाऱ्याला दंड लावला. जपानमधल्या यामातो शहराने 2020 मध्ये चालताना स्मार्टफोन पाहण्याला मनाई करणारा नियम केला, पण दंड ठेवला नाही. फलक लावले आणि लोकांना सांगत राहिले. आमचा कौल यामातोच्या बाजूने आहे. दंडाचे पुस्तक हातात आले की ते सगळ्यात आधी गरिबाच्या पोरावर उघडते, हा आमचा अनुभव आहे. मसुदा आधी मराठी आणि उर्दूत प्रसिद्ध करून हरकती मागवाव्यात, आणि त्या मागवताना तरुणांनाही बोलवावे.

नियमाइतकीच जागेची गरज आहे. उभे राहायला जागा नाही म्हणून मुले चालत खेळतात, हे अर्धे खरे आहे. उद्यानांत आणि मैदानांलगत वाटेपासून चार पावले आत, दिव्याखाली बसायला कट्टे असावेत, म्हणजे 'सामना संपेपर्यंत तिथे बस' असे कोणालाही सांगता येईल. एखाद्या कट्ट्याजवळ फोन चार्ज करायची सोय केली, तर मुले तिथून हलणारच नाहीत, आणि आम्हाला तेच हवे आहे. मोबाईल गेमच्या स्पर्धा भरवणाऱ्यांनाही परवानगी देताना 'बंदिस्त जागेत, बसून' अशी अट घालावी.

जिथे रुंदी आहे तिथे सायकलसाठी पांढऱ्या पट्ट्याने वेगळी कड आखावी. कृषी विद्यापीठाच्या परिसरातले रस्ते यासाठी सर्वांत सोयीचे आहेत, कारण तिथे जड वाहतूक कमी आणि सायकली जास्त. 1972 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्या वसतिगृह ते प्रक्षेत्र सायकलवरच फिरल्या. कुलगुरूंशी बोलून तिथे प्रायोगिक पट्टा आखता येईल. मात्र केवळ रंग मारून भागत नाही. पुण्यात सायकल मार्ग झाले आणि मोटारसायकलींनी ते गिळले. पट्टा आखला तर त्यावर दुचाकी उभी राहू नये एवढी दक्षता हवी, नाहीतर तो रंग वाचवलेला बरा.

पदपथांबद्दल वेगळे लिहावे लागते, कारण मूळ तिथे आहे. चालणाऱ्याला पदपथ मिळत नाही म्हणून तो डांबराच्या कडेवर उतरतो आणि आमच्या चाकाखाली येतो. सर्वोच्च न्यायालयाने 14 मे 2025 रोजी, पादचाऱ्यांना योग्य पदपथ मिळणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे म्हटले आहे. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 नुसार रस्त्यांवरचे दिवे आणि रस्त्यांतले अडथळे दूर करणे ही महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये आहेत. म्हणून हातगाडीवाल्यांना हुसकावून लावा, असा याचा अर्थ कोणी काढू नये. त्यांच्यासाठी 2014 चा पथविक्रेता कायदा आहे, त्यानुसार त्यांना जागा ठरवून द्यावी. पदपथावर उभ्या केलेल्या चारचाकी आणि दुकानांचे पुढे आलेले पत्रे यांना तसला कोणताही कायदा संरक्षण देत नाही. आमचे बोट त्यांच्याकडे आहे. दिव्यांबाबत एवढेच, की अंधारात उजळलेला पडदा पाहणाऱ्याच्या डोळ्यांना बाकी सगळे काळे दिसते. समोरून येणारी बिनदिव्याची सायकल तर दिसतच नाही. सामायिक वाटांवरचे बंद दिवे आधी लागावेत.

जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे आपण अध्यक्ष आहात. त्या समितीत मोटारींचा विचार होतो, तो व्हायलाच हवा. पण समितीच्या बैठकीत रोज सायकल चालवणारा एक माणूस आणि कॉलेजातला एक विद्यार्थी, शक्य तर स्वतः गेम खेळणारा, यांना बोलवावे. जिल्हा रुग्णालयात पडून लागलेला किंवा धडकेत जखमी झालेला माणूस येतो, तेव्हा केसपेपरवर 'सायकल' आणि 'मोबाईल वापरत होता का' या दोन गोष्टी नोंदवण्याची सूचना द्यावी. वर्षभरात आपल्याला काहीतरी कळेल. आज कोणालाच काही माहीत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 138 च्या पोटकलम (1अ) खाली बिगरयांत्रिक वाहने आणि पादचारी यांच्यासाठी नियम करण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे, आणि असे नियम सहा महिन्यांत करावेत, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये सर्व राज्यांना दिले. त्या नियमांत सामायिक वाटेवरील मोबाईल वापराचा उल्लेख असावा, अशी शिफारस आपल्या अभिप्रायासह शासनाकडे पाठवावी.

प्रत्यक्ष जागेवर नेणारे खेळ ही आणखी एक गोष्ट. पोकेमॉन गो 13 डिसेंबर 2016 च्या सुमारास भारतात अधिकृतपणे आला, तेव्हा त्यातली ठिकाणे देशभरातल्या मोबाईल दुकानांवरही ठेवली होती. ती लाट ओसरली असली, तरी असे खेळ पुन्हा येतील. नेदरलँड्समधल्या हेग शहराने, म्हणजे सायकलींच्या देशातल्या शहराने, 2016 मध्ये समुद्रकाठच्या कैकदाइन भागातली पोकेमॉन गो खेळणाऱ्यांची झुंबड पाहून खेळाच्या कंपनीविरुद्ध न्यायालयाची वाट धरली, तेव्हा कंपनीने संरक्षित वाळूच्या टेकड्यांवरची ठिकाणे काढली. म्हणजे प्रशासनाने सांगितले तर कंपन्या ऐकतात. रेल्वेमार्ग, पूल आणि रहदारीचे चौक यांवर अशी ठिकाणे नसावीत, हे आपण लेखी कळवू शकता.

पूर्णा, परभणी, मानवत रोड, सेलू आणि गंगाखेड येथील रुळांलगतच्या पायवाटांबाबत रेल्वे प्रशासनाशी पत्रव्यवहार व्हावा. त्यासाठी हिंगोलीचे उदाहरण पुरेसे आहे.

आता आमच्या बाजूचे. सायकलला दिवा नसला की पोलीस हवा सोडायचे, डबलसीट दिसली की उतरवायचे, नगरपालिकेचा बिल्ला नसेल तर अडवायचे, तो जमाना आमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिला आहे. बिल्ला गेला, त्याचे दुःख नाही. दिवाही गेला, हे मात्र बरे झाले नाही. म्हणून आम्ही लिहून देतो की आमच्या सायकलींना वाजणारी घंटी, पुढे दिवा आणि मागे लाल रिफ्लेक्टर असेल. पदपथावर सायकल घालणार नाही. सामायिक वाटेवर वेग चालणाऱ्याच्या बेताने ठेवू. आणि सायकलवर फोन हातात घेणार नाही. जपानने नोव्हेंबर 2024 पासून सायकल चालवताना फोन वापरण्याला कैदेपर्यंतची शिक्षा ठेवली आहे, तेव्हा हा दोष फक्त पायी चालणाऱ्यांचा नाही हे आम्हालाही कळते. रविवारी तिघे-तिघे जोडीने, गप्पा मारत रस्ता भरून जाणाऱ्या आमच्या हौशी मित्रांनीही हा परिच्छेद दोनदा वाचावा.

या सगळ्याची सुरुवात जानेवारीतल्या रस्ता सुरक्षा अभियानापासून करावी. शाळा-कॉलेजांत भाषणे देण्याऐवजी मुलांना दहा मिनिटे सायकलवर बसवून, समोर फोनमध्ये मान घातलेला एक मित्र चालत ठेवावा. व्याख्यानाची गरज उरणार नाही. त्यानंतर फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांच्या उर्सासाठी शहरात दूरदूरच्या जिल्ह्यांतून गर्दी होते. निवडलेल्या ठिकाणांचे फलक आणि स्वयंसेवक यांची पहिली चाचणी त्याच गर्दीत घ्यावी. तिथे जे जमेल ते वर्षभर जमेल. स्वयंसेवक म्हणून आमच्यातले लोक विनामोबदला उभे राहतील.

आपण हे निवेदन संबंधित विभागांकडे 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' पाठवून द्याल, ही रीत आम्हाला ठाऊक आहे. त्याऐवजी पोलीस अधीक्षक, महापालिका आयुक्त, उपप्रादेशिक परिवहन अधिकारी आणि विद्यापीठाचे प्रतिनिधी यांची एक संयुक्त बैठक 30 दिवसांच्या आत आपल्या दालनात बोलवावी आणि तिचे इतिवृत्त आम्हाला द्यावे, ही नम्र विनंती. बैठक सकाळी दहाच्या आत ठेवल्यास पेपर टाकणारे आणि दूधवालेही येऊ शकतील.

आपले विश्वासू,
परभणी शहर व परिसरातील सायकल वापरणारे नागरिक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहितीस्तव :
मा. पोलीस अधीक्षक, परभणी
मा. आयुक्त, परभणी शहर महानगरपालिका
मा. कुलगुरू, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणी
मा. उपप्रादेशिक परिवहन अधिकारी, परभणी